झडपघर ते दिव्याचा खांब

३ फेब्रुवारी, सोमवार

नदीकाठच्या पायवाटेचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. बैठकीत साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, प्रत्येकाने आपापल्या वहीत डोकं खुपसलं, आणि मी मूर्खासारखी वर बघत राहिले. झालं! "तुम्हाला चालायची आवड आहे ना, बाई?" आवड! बस वेळेवर येत नाही म्हणून चालते मी.

जुन्या जकातघरापासून नदी समुद्राला मिळते तिथल्या दिव्याच्या खांबापर्यंत वाट. पाच थांबे, पाच फलक. प्रत्येक फलकावर सात-आठ ओळी इतिहास आणि खाली, पुढच्या थांब्यापर्यंत चालत किती मिनिटं. इतिहास मी लिहायचा, मिनिटं मीच चालून मोजायची. उद्घाटन २३ मार्चला.

थांब्यांची यादी हातात आली. एक जकातघर, दोन गोदामं, तीन दोरखंडाचा कारखाना. चार — झडपघर.

मी यादीची घडी घालून पर्समध्ये टाकली. विभागात कुणाला माहीत नाही. माहीत व्हायचं कारणही नाही, पंचेचाळीस वर्षं झाली त्याला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

अप्पांना सांगितलेलं नाही. सांगून काय होणार? ते "हं" म्हणतील. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील, आणि अकरा वर्षांत आमचं बोलणं 'औषध घेतलं का'च्या पुढे फारसं गेलेलं नाही.

एकदा इथे लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून तरी जाईल.

अप्पा झडपघरात कामाला होते. खालच्या आळीचं सगळं सांडपाणी एका मोठ्या नाल्यातून नदीत जायचं. नाल्याच्या तोंडाशी लोखंडी झडप. भरती यायच्या आत ती पाडायची, नाहीतर नदीचं पाणी उलटं नाल्यातून आळीत शिरणार. ओहोटी लागली की उचलायची. झडप पाडायला एक मोठं चाक फिरवावं लागे, पुरी वीस मिनिटं. एवढंच काम. दिवसातून दोनदा, चौदा वर्षं.

आणि ९ नोव्हेंबरला त्यांनी ती वेळेवर पाडली नाही. वादळ होतं, भरती मोठी होती. खालच्या आळीत नऊ माणसं बुडाली.

चौकशी झाली, नोकरी गेली. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला आलो. तिथेही शाळेत कळलंच — 'झडपवाल्याची पोर'. कुणी म्हणे दारू प्यायला होता, कुणी म्हणे झोपला होता. पुढे माझं लग्न दोनदा जमत आलं, दोनदा मोडलं. दुसऱ्या वेळी त्या लोकांनी कारणसुद्धा स्वच्छ सांगितलं. अप्पा तेव्हाही "हं" म्हणाले होते.

आता माझं वय एक्कावन्न, त्यांचं त्र्याऐंशी. लिहून झालं. डोक्यातून काही गेलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मोजायला सुरुवात. माझी पद्धत ठरलेली: प्रत्येक टप्पा तीनदा चालायचा, वेगवेगळ्या वेळी, आणि मधला आकडा घ्यायचा. साहेब म्हणाले, "एकदा चाललात तरी पुरे." एकदाच चाललं तर तो आकडा त्या दिवशीच्या माझ्या मनःस्थितीचा असतो, अंतराचा नव्हे. हे त्यांना कोण सांगणार!

जकातघर ते गोदामं — नऊ मिनिटं. गोदामं ते दोरखंडाचा कारखाना — चौदा. वाटेत दोन ठिकाणी फरशी उखडलेली, एका ठिकाणी कठडाच नाही. गोदामांच्या भिंतींना अजून डांबराचा वास येतो. निम्म्यांची छपरं गेलीत. कबुतरांचं राज्य. पर्यटक इथे येऊन नक्की काय बघणार आहेत देव जाणे.

कारखान्यापासून झडपघर पुढे दिसत होतं, बसकं, काळं. आज तिथे गेले नाही. पाय दुखत होते असं वहीत लिहिलंय.

घरी आले तर अप्पा खिडकीशी उभे. म्हणजे भरतीची वेळ. वर्तमानपत्रात भरती-ओहोटीच्या वेळा येतात, त्या भिंग लावून वाचतात आणि त्या वेळेला उठून उभे राहतात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गुडघ्यांची वाट लागलीय, तरी! आमच्या खिडकीतून नदी दिसत नाही. समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. पूर्वी मी चिडायचे यावर. आता खुर्ची फक्त मागे सरकवून ठेवते, पडू नयेत म्हणून.

९ फेब्रुवारी, रविवार

साहेबांचं नवं खूळ — 'मुलासह लागणारा वेळ' हाही फलकावर हवा. मूल कुठून आणू मी? शेवटी विभागातली नकाशेवाली मदतीला धावली. तिची मुलगी सहा वर्षांची. "घेऊन जा, दोन तास मला झोप मिळेल," म्हणाली.

शेवटचा टप्पा केला, झडपघर ते दिव्याचा खांब. नदीच्या भिंतीवरून सरळ वाट, मधेमधे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला काही नाही. झडपघराला मी पाठ करूनच घड्याळ लावलं. आतून बघायची इच्छा झाली नाही.

जाताना पोरगी मजेत चालली, थांबून थांबून खाली वाकत, प्रत्येक पायरीशी 'मासा, मासा' करत. तेवीस मिनिटं. खांबापाशी पोचलो आणि बाईसाहेबांनी बसकण मारली. "मी आता चालणार नाही." लाडीगोडी झाली, धमक्या झाल्या. शेवटी घेतली खांद्यावर. एक्कावन्नाव्या वर्षी! तीनदा टेकत, धापा टाकत परत आले. एकतीस मिनिटं. परतीचा आकडा कुणी मागितलेला नाही, पण सवय लागलीय — 'परत, मूल खांद्यावर: ३१' असं लिहून ठेवलं. कमरेचं काय झालंय ते उद्या कळेल.

येताना एक आठवलं. मीही एकदा याच भिंतीवरून अप्पांच्या खांद्यावर बसून आले होते. आई ज्या दिवशी शिवणकामाला जाई त्या दिवशी अप्पा मला झडपघरात घेऊन जायचे. एका संध्याकाळी ते तेलपाणी करत होते आणि मी सटकले. खांबावरचा दिवा कसा लावतात ते बघायचं होतं मला. आपली आपण गेले तिथपर्यंत! मग मागून अप्पा आले. ओरडले नाहीत. उचललं, खांद्यावर टाकलं आणि घोड्यासारखे पळत सुटले. काय वारा होता! मी त्यांचे केस धरून हसत होते, वाटभर. पिवळा फ्रॉक होता माझा, बिनबाह्यांचा, आणि तो सगळा भिजलेला. उन्हाळा असावा.

तेव्हा ते मला भिंगरी म्हणायचे. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून. ते म्हणणं कधी थांबलं आठवत नाही.

अप्पांची आठवण म्हणून चांगली अशी ही एकच आहे माझ्याकडे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कंबर! उठता येईना. दिवसभर पडून. अप्पांनी चहा करून आणला, निम्मा बशीत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज मास्तर आले ऑफिसात. निवृत्त शिक्षक, साधारण छप्पन्न-सत्तावन्नचे, खालच्या आळीतल्या जुन्या कुटुंबांच्या वतीने. चौथ्या फलकाचा माझा कच्चा मजकूर त्यांना दाखवायला साहेबांनीच सांगितलं होतं. मी लिहिलं होतं, 'वादळी भरतीमुळे झडप वेळेत बंद होऊ शकली नाही.'

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "होऊ शकली नाही म्हणजे काय हो? झडपेला ताप आला होता?"

नकाशेवाली खुदकन हसली. मीही हसले. हसावंच लागलं.

मग ते हळू आवाजात बोलायला लागले. तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते. पाणी आलं तेव्हा आईने त्यांना कौलांवर ढकललं आणि धाकट्या बहिणीला आणायला खाली वळली. दोघी त्या नऊ जणांत. "मला कुणाला फासावर नाही द्यायचं, बाई. तो माणूस आता असेल-नसेल. पण पाणी आपोआप नाही आलं, एवढं तरी लिहिलेलं हवं. आमच्या घरातलं कुणी कशामुळे गेलं, हे नातवंडांनी तिथे उभं राहून वाचावं."

त्यांना हवा असलेला शब्द त्यांनी कागदावर लिहून दिला. हलगर्जीपणा. शिक्षकी अक्षर, वळणदार.

मी म्हटलं, "कागदपत्रं बघून कळवते."

त्यांनी जाताना माझे आभार मानले. मला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जुन्या दप्तरातून झडपघराची नोंदवही मागवली होती, आज मिळाली. वाळवीने कडा खाल्ल्यात, पण आतलं शाबूत. अप्पांचं अक्षर! इतकं टोकदार, नेटकं. रोज दोन ओळी: भरती केव्हा, चाक केव्हा सुरू करायचं, केव्हा सुरू केलं. चौदा वर्षांत कुठे एक मिनिटाचा फरक, कुठे दोन. मी जवळपास सगळी पानं उलटली. जास्तीत जास्त उशीर चार मिनिटांचा, आणि तिथे समासात 'साखळी अडकली' असं लिहिलंय.

मग ९ नोव्हेंबर. संध्याकाळ. चाक सुरू करायची वेळ: ५ वाजून २०. सुरू केले: ६ वाजून १४.

चोपन्न मिनिटं. समास कोरा.

स्वतःच्याच हाताने खरी वेळ लिहिलीय. खोटी लिहिली असती तर कोण बघायला येणार होतं?

सोबत चौकशीचा कागद होता. 'विलंबाचे कारण वारंवार विचारले असता कर्मचारी गप्प राहिला.' बस. खाली सह्या.

चार मिनिटांचं कारण लिहिणाऱ्या माणसाला चोपन्न मिनिटांचं कारण नव्हतं!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

विचारलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. पायवाट, फलक, नोंदवही, मास्तर. ते वर्तमानपत्राची घडी घालत ऐकत होते. मी म्हटलं, "अप्पा, मला एकच सांगा. पाच वीस ते सहा चौदा तुम्ही कुठे होतात?"

त्यांनी घडी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "झोप लागली होती."

"वादळात? एवढ्या आवाजात?"

"लागली होती झोप."

"चौकशीत का नाही सांगितलंत मग?"

"हं," म्हणाले. आणि उठून खिडकीशी गेले. भरतीची वेळसुद्धा नव्हती.

मी ओरडले. नको होतं ओरडायला, पण ओरडले. म्हटलं, नऊ माणसं, अप्पा! आईचं आयुष्य गेलं यात, माझं गेलं, आणि तुम्ही झोपला होतात? खोटं बोलताय हे तोंडावर दिसतंय तुमच्या. निदान दारू प्यायलो होतो म्हणा, चालेल मला. त्यांनी वळूनही बघितलं नाही. खिडकीचा गज धरलेली त्यांची बोटं तेवढी दिसत होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

घरात अबोला. जेवण वाढते, ते खातात. भांडी घासताना दोनदा वाटलं, आत जावं, माफी मागावी. कशाची पण? मी काय चुकीचं विचारलं?

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज चौथ्या फलकाचा मजकूर पक्का केला. जसाच्या तसा इथे उतरवते.

'समुद्राच्या भरतीपासून खालच्या आळीचे रक्षण करण्यासाठी बांधलेली ही झडप पंचाऐंशी वर्षे वापरात होती. ९ नोव्हेंबरच्या वादळी संध्याकाळी ती बंद करण्यास चोपन्न मिनिटांचा उशीर झाला. झडपेवरील कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे पाणी आळीत शिरले व नऊ जणांचा मृत्यू झाला.' मग खाली नऊ नावं, वयांसह. सर्वांत लहान तीन वर्षांची — मास्तरांची बहीण.

अप्पांचं नाव घातलेलं नाही. तेवढी दया केली, की स्वतःला वाचवलं? खरं सांगायचं तर दोन्ही. आडनाव बघून कुणीतरी विचारलं असतं.

सही एका झटक्यात केली. रागात होते मी अजून. साहेबांनी वाचून मान डोलावली, "छान, नेमकं लिहिता तुम्ही." नेमकं!

३ मार्च, सोमवार

फलक कोरणाऱ्याकडे गेले होते. पत्र्याचं शेड, यंत्राचा खडखडाट, हवेत पितळेची भुकटी. म्हातारा कारागीर आहे, कानाने कमी. पाचही मजकूर मला मोठ्याने वाचायला लावले — "तुमच्या तोंडून ऐकलं की चूक सापडते." चौथा वाचताना मी मधेच थांबून खोकले. त्याला वाटलं भुकटीमुळे. पाणी आणून दिलं.

"नीट बघून घ्या," म्हणाला, "कागदावरचं खोडता येतं. हे एकदा कोरलं की गेलं."

बघितलं. चूक नव्हती.

८ मार्च, शनिवार

मिनिटांचं काम संपलं. सगळे आकडे नकाशेवालीकडे दिले. ती म्हणाली, मुलगी अजून विचारते, खांद्यावर घेणाऱ्या बाई परत कधी येणार? हसले. बरं वाटलं क्षणभर.

१२ मार्च, बुधवार

अप्पांना धाप लागते. डॉक्टर येऊन गेले. पायांना सूज, हृदय थकलंय म्हणाले. "जपा." या वयात आणखी किती जपायचं? औषधांच्या वेळा भिंतीवर लिहून लावल्या. अप्पा त्या अगदी मिनिटावर पाळतात. पाच वीसची गोळी पाच वीसला. मला बघवत नाही.

१३ मार्च, गुरुवार

अबोला सुटला. तसा आपोआपच. "डावा पाय वर घ्या." "घेतला." असा.

२३ मार्च, रविवार

उद्घाटन. फीत, भाषणं, ऊन. साहेबांनी माझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. मोठा घोळका जकातघरापासून निघाला, कारखान्यापर्यंत निम्मा गळाला. झडपघरापाशी वीस-बावीस माणसं उरली. त्यांतली पंधरा खालच्या आळीची.

एका बाईने एका नावावरून बोट फिरवलं, शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि बाजूला झाली. मग दुसरी. मास्तर सगळ्यांत शेवटी गेले. मी मागे, भिंतीला टेकून. मला तिथून पळून जायचं होतं.

मास्तर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आज आई गेली असं वाटतंय. इतकी वर्षं ती नुसतीच सापडत नव्हती."

घरी येऊन न जेवता पडले.

२५ मार्च, मंगळवार

वर्तमानपत्रात बातमी आणि फलकाचा फोटो. मी पान काढून लपवायच्या आत अप्पांनी वाचलं होतं. भिंग बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "मला तिथे ने."

"कशाला, अप्पा? डॉक्टरांनी—"

"मला ने."

पंचेचाळीस वर्षांत नदीच्या त्या बाजूला ते गेलेले नाहीत. मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड होतं कुठे मला?

३० मार्च, रविवार

नेलं. चाकाची खुर्ची शेजाऱ्यांकडून आणली, कारखान्यापर्यंत टॅक्सीने, पुढे खुर्ची ढकलत. सकाळचे नऊ. पाणी उतरलेलं, चिखल उघडा पडलेला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते अप्पा. कामावर जाताना जसे निघायचे, तसे.

झडपघराच्या अलीकडे दोन पायऱ्या आहेत. खुर्ची अडली. बाकावर कुणी बसलं होतं, ते उठून मदतीला आले. बघते तर मास्तर! रोज सकाळी येऊन बसतात म्हणे आता. "तुमचे वडील का?" मी मान हलवली. त्यांनी पुढून खुर्ची धरली, मी मागून, आणि आम्ही दोघांनी अप्पांना उचलून वर घेतलं. "सांभाळून हं, आजोबा," मास्तर म्हणाले. अप्पांनी त्यांच्या हाताकडे बघितलं. तोंडाकडे बघितलं नाही. मास्तर आपल्या बाकावर परत गेले. त्यांना काही कळलं नाही.

फलक अप्पांनी सावकाश वाचला. ओठ हलत होते. नऊही नावं वाचली, वयं वाचली. मी खुर्चीच्या मागे उभी, दोन्ही मुठी आवळून. शिव्या देतील, रडतील, काहीतरी करतील.

म्हणाले, "बरोबर आहे."

मग, "तू लिहिलंस?"

"हो."

"मिनिटंसुद्धा बरोबर आहेत."

मला रडू आलं. मी म्हटलं, "अप्पा, चला घरी." त्यांनी मान हलवली आणि भिंतीच्या दिशेने बोट केलं. दिव्याच्या खांबापर्यंत जायचंय.

खुर्ची ढकलत चाळीस मिनिटं लागली. पाण्याकडच्या प्रत्येक पायरीशी ते हात वर करून मला थांबवत होते आणि वाकून खाली बघत होते. काय बघताय विचारलं तर पुढे चल अशी नुसती खूण. मला वाटलं, चक्कर येतेय. खांबापाशी पोचल्यावर त्यांनी हात माझ्या हातावर ठेवला. गार पडला होता. वर माझ्याकडे बघितलं, आणि अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाले,

"एवढं लांब कशी गं आलीस, भिंगरे? एकटी?"

मी म्हटलं, "एकटी कुठे, अप्पा? तुम्हाला घेऊन आलेय की!"

"भिजलीस सगळी," म्हणाले, आणि माझी कोरडी बाही चाचपत राहिले.

वयाने होतं असं. डॉक्टर म्हणालेच होते, मधूनमधून गोंधळ होईल. येताना खुर्चीतच झोपले. पण किती वर्षांनी भिंगरी म्हणाले! ते ऐकून बरं वाटलं, का कोण जाणे.

३१ मार्च, सोमवार

पहाटे जाग आली तशी मोजणीची वही काढली. झडपघर ते दिव्याचा खांब. मूल प्रत्येक पायरीशी वाकत गेलं — तेवीस. परत, मूल खांद्यावर — एकतीस.

चोपन्न.

घड्याळं इतकी जुळत नसतात, मला माहीत आहे. ते पळत गेले असतील, थांबले असतील, हाका मारल्या असतील. तरी.

फ्रॉक बिनबाह्यांचा म्हणून मी उन्हाळा धरला होता. तो ओला का होता, हे एकदाही मनात आलं नाही. त्या ९ नोव्हेंबरला भिंतीवरून पाणी येत होतं. चाक आधी फिरवलं असतं तर वीस मिनिटं उशिरा पोचले असते माझ्यापर्यंत. समास कोरा ठेवला तो माझं नाव येऊ नये म्हणून.

आणि मी त्यांचे केस धरून हसत होते.

आतून विचारतायत, "आज कामाला नाही का गेलीस?" दोनदा विचारलं. वही मिटून आत जाते मी.